बोगद्याच्या तोंडाशी भावोजी

ब्रह्मदेव सृष्टी घडवत होता तेव्हा आमचे भावोजी शेजारी बसलेले असते, तर निम्म्याहून अधिक सृष्टी कारण नीट न सांगितल्याबद्दल परत गेली असती. डास, ढेकूण आणि मी, आम्ही तर नक्कीच. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आगाशीला राहतात आणि माणिकपूरच्या एका औषधांच्या कंपनीत संगणकांची राखण करतात. कंपनीची गोदामं गावोगावी. त्यांचे संगणक एकमेकांशी गुप्त भाषेत बोलतात, मधल्या कुणाला काही कळू नये म्हणून. त्या वाटेला भावोजी बोगदा म्हणतात. बोगद्याच्या तोंडाशी फायरवॉल नावाचा दरवान असतो. त्यानं कोणाला सोडायचं आणि कोणाला हाकलायचं याचे नियम लिहिणं हे भावोजींचं काम. त्यांचं पहिलं तत्त्व असं, की आधी सगळ्यांना नाही म्हणायचं. मग ज्याला आत यायचंय त्यानं सांगावं: कुठून आलात, कोणाकडे, कशासाठी आणि कधीपर्यंत.

हे तत्त्व ऑफिसातच राहतं तर बरं होतं, पण ते घरी आलं. एकदा मी न कळवता ताईकडे गेलो, पिशवीत पापलेटं. भावोजींनी वाडीच्या फाटकाआडून चारही प्रश्न विचारले. शेवटच्यावर मी म्हणालो, जेवून जरा आडवा होईन आणि चहा घेऊन निघेन. चहाचा कप खाली ठेवला आणि बघतो तर माझ्या चपला फाटकाकडे तोंड करून तयार. यात त्यांच्या मनात किल्मिष नसतं. मुदत संपली की वाट बंद, मग मेहुणा असो की गोदाम. लग्नात मुदत घालायची राहून गेली म्हणून मी टिकले, असं ताई म्हणते.

दुसरं तत्त्व क्रमाचं. दरवान नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतो. वर 'नाही' असेल तर खालच्या 'हो'ला कोणी विचारत नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी वाढप्याला आधी बजावलं, दुसरी जिलबी कोणालाही नाही. मग सांगितलं, व्याह्यांना हवी तेवढी. वाढप्यानं पहिलं तेवढं पाळलं. व्याही पानाकडे बघत बसले, ताई रडकुंडीला आली, आणि भावोजी मात्र वाढप्याची पाठ थोपटत होते.

ती मुलगी पुढे जर्मनीला गेली. तिला दिवस गेले तशी तुम्ही दोघं या म्हणून विनवू लागली. ताईनं डिंकाचे लाडू वळायला घेतले, आणि भावोजी म्हणाले, मी निघालो तर बोगद्यांचं काय? त्यांच्या हाताखाली जूचंद्रच्या एक हुशार बाई होत्या, पण त्यांना नियम नुसते बघायची परवानगी. तेव्हा ताई भांडली. म्हणाली, "तुमच्याविना कंपनीचं काय होईल मला ठाऊक नाही. पोरगी तिकडे एकटी बाळंत होणारे, एवढं ठाऊक आहे."

भावोजी निघाले. नियम बदलायचा अधिकार त्यांनी बाईंना दिला आणि बजावलं, लेखी कारण असल्याशिवाय कोणाच्याही, अगदी माझ्याही सांगण्यावरून काही बदलायचं नाही. तिकडून स्वतःला आत येता यावं म्हणून एक नियमही लिहिला. पण परदेशातून येणारं सगळं अडवायचा त्यांचाच जुना नियम वर होता, आणि स्वतःची वाट त्यांनी घाईत त्याच्या खाली लिहिली. तिकडे पोचल्यावर दरवानानं त्यांनाच बाहेर ठेवलं.

त्याच आठवड्यात नात झाली आणि मायलेकी घरी आल्या. मग लाज गिळून भावोजी बाईंना फोन करून म्हणाले, माझा नियम तेवढा वर सरकवा. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, कशासाठी पायजे तेवढं लिहून पाठवा. लगेच करते."

भावोजी मुलीच्या स्वयंपाकघरात ईमेल लिहायला बसले. औषधं वेळेवर पोचत होती, बाईंनी सगळं चोख ठेवलं होतं. कारण काही सुचेना. "अरे, माझ्यावाचून तिथं काहीच अडत नव्हतं," ते मला नंतर म्हणाले. "फार वाईट वाटलं बघ." इतक्यात आत नात रडू लागली. बाळंतिणीचा नुकता डोळा लागलेला, ताई अंघोळीला, म्हणून हे उठले. खांद्यावर घेतलं तशी ती गप्प झाली. ईमेल तसंच राहिलं. पुढे ती त्यांच्याच खांद्यावर झोपायची, ताईनं घेतलं की किंचाळायची.

व्हिसाची मुदत संपली, आणि मुदतीच्या बाबतीत जर्मनी भावोजींपेक्षाही कडक. परत यावं लागलं. आता रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसून नातीला मोबाइलवर बघतात. दुसऱ्याच्या वाटेवर त्यांचा भरवसा नाही, म्हणून आगाशीहून लेकीच्या घरापर्यंत स्वतःचा बोगदा बांधलाय. परवा मी शेजारी होतो. नात आता न धरता उभी राहायला लागली आहे. आजोबांना पाहून ती हसली आणि उचलून घ्या म्हणून तिनं दोन्ही हात वर केले. भावोजींचेही हात पुढे गेले आणि मोबाइलपाशी थांबले.

"हसू येतं रे यातून," ते हलकेच म्हणाले. "तिचं वजन येत नाही."

तिकडे ती अजून हात वर करूनच उभी होती.