पट्ट्याचं टोक

नव्या चामड्याचा वास आला की मला मॅसॅच्युसेट्समधली ती ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताची जत्रा आठवते. कुरणात लावलेल्या गाड्यांच्या मधल्या जागेत खुर्च्या टाकून लोक बँजो, गिटार वाजवत होते आणि मी लेकीची नवीकोरी गिटार छातीशी धरून उभा होतो. तेवढ्यात मळक्या टोपीतला एक म्हातारा आला. "माझी गिटार पडून तडकली. स्टेजवर एक गाणं वाजवतो, लगेच परत देतो." लगेच परत देतो! या वाक्यावर विश्वास ठेवून मी पुण्यात एक स्कूटर गमावली होती. मी गिटार दिली, पण तिच्या चामडी पट्ट्याचं टोक सोडलं नाही. "बाबा, लेट गो! ही इज फेमस!" लेक कुजबुजली. "फेमस माणसं जास्त जोरात पळतात," मी म्हणालो. म्हातारा हसला, "मग तूही चल!" आणि भरल्या मैदानासमोर तो बसून वाजवत होता आणि शेजारी मी, म्हशीचं दावं धरावं तसा पट्टा धरून! त्याची बोटं अशी धावली की लोक खुर्च्यांवर चढले. गाणं संपताच त्याने वाकून गिटार परत दिली. माझा संशय मात्र अजून फिटलेला नाही. आमच्या घरात ती पुन्हा कधीच तशी वाजली नाही. त्याने तिच्यातलं काहीतरी नक्की काढून नेलंय.