पेणच्या हॉलमध्ये न लागलेला पिक्चर

माझे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत, आणि याला एक मेलेला माणूस जबाबदार आहे.

म्हणजे तो नाही. त्याचा फ्लेक्स.
आमच्या गॅलरीसमोर, बरोबर उन्हाच्या वाटेत, दोन मजली श्रद्धांजली उभी केली आहे. तक्रार करायला गेलो तर फ्लेक्स लावणारे म्हणाले, दुःखाचा प्रसंग आहे, ॲडजस्ट करा.
केलं. ओली बनियन घालून ही पोस्ट लिहितोय.

फ्लेक्सवर डेनिस आहे. जन्माने ऑस्ट्रेलियन, पत्त्याने रोहेकर.
खाली लिहिलंय, 'आपल्या मातीतला दिग्दर्शक हरपला.'
आणि फोटोत त्याच्या डोक्यावर गोऱ्या साहेबाची हॅट आहे, हातात चाबूक.

कुणीतरी नेटवर नाव टाकलं, पहिला फोटो आला तो छापला. त्या चाबकाच्या शेजारी आमच्या पेणच्या हॉलचे सर्वेसर्वा अण्णा हात जोडून उभे.
लांबून वाटतं, अण्णा माफी मागतायत.

मागायलाच हवी होती.

डेनिस तिकडे मेलबर्नला टीव्ही सिरियलमध्ये पोलीस व्हायचा. ऐंशीच्या दशकात फिरायला म्हणून मुंबईत आला आणि एका शूटिंगला गोरा माणूस कमी पडत होता.
तिथून पुढे वीसेक वर्षं तो आपल्याकडे मरत होता.

हिंदीत मेला, मराठीत मेला. गोळीने, तलवारीने, कड्यावरून, एकदा तर बैलगाडीखाली. आपल्याला पडद्यावर परत परत स्वातंत्र्य मिळायचं, आणि दर वेळी याला मारून.
टायटलमध्ये नाव कधीच नाही. 'इंग्रज अधिकारी', बास. बऱ्याचदा तेही नाही.

असाच एकदा कुंडलिका नदीच्या काठी मेला, आणि उठून कपडे झटकल्यावर म्हणाला, इथे खोली मिळेल का.
रोह्यात राहिला. शेजारी सगळे कंपनीतले शिफ्टवाले.
मराठी सेटवर शिकलेला, त्यामुळे त्याला फक्त हुकूम सोडता यायचे. मासळीबाजारात पहिल्याच दिवशी पापलेटाकडे बोट करून म्हणाला, "याला ताबडतोब हजर करा."
कोळीण म्हणाली, "हजर हाय. पैशे काढ."

पन्नाशी उलटल्यावर त्याने जाहीर केलं, आता मरणार नाही, आता कॅमेऱ्यामागे उभा राहणार.
आणि एक पिक्चर केला. एकच.

पेणच्या खारेपाटातलं गाव. चारी बाजूंनी खाडीचं पाणी, आणि प्यायला टँकर. तोही येईल तेव्हा.
हिरॉइन पारूबाई. सत्तरीची. जन्म मिठागरात गेलेला. पिक्चरभर ती टँकरची वाट बघते.
डायलॉग मी लिहिले होते. पहिलाच ऐकून तिने मला विचारलं, "असा कोन बोलतं रं?"
डेनिस इतका हसला की ट्रायपॉड हलला. माझी पाच पानं त्याच दिवशी गेली.

टायटलमध्ये त्याने प्रत्येकाचं नाव घातलं. टँकरच्या ड्रायव्हरचंसुद्धा.

पारूबाईला फार घाई. मना दाव, मना दाव म्हणून त्याच्या मागे लागलेली.
तो म्हणाला, "पारूबाई, फोनवर नाय. पेणच्या हॉलमध्ये. भिंतीएवढी दिसशील. माझा शब्द."

मग हॉल.
आधी रंगकाम होतं. मग प्रोजेक्टर बिघडला. मग कुणाचं तरी लग्न.
शेवटी अण्णांनी मला बाजूला घेऊन समजावलं की टँकर दाखवून तालुक्याची बदनामी होते, एवढे गणपतीचे कारखाने आहेत ते दाखवायचे.
पिक्चर परदेशात फेस्टिव्हलला लागला. पेणला नाही.
टँकरने बदनामी होत नाही हो अण्णा. टँकर दाखवल्याने होते.

डेनिस शेवटपर्यंत हॉलच्या तारखा विचारत राहिला.
गेल्या आठवड्यात रोह्यात गेला. या वेळी उठला नाही.

आणि हॉल लगेच मिळाला. रंग झालेला, प्रोजेक्टर चालू, लग्न नाही.
परवा तिथे शोकसभा झाली.

पारूबाई गावातल्या बायकांना घेऊन मिनीडोअर रिक्षाने आली. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी.
सगळं सभागृह वळून बघायला लागलं. एक कार्यकर्ता जाऊन तिच्या कानात म्हणाला की आजी, फुलं काढा, माणूस गेलाय.

म्हातारी उभीच राहिली.
"ठाव हाय गेलाय ता. म्हनून तं आलू. मानूस गेला, त्याचा काम दावाल ना आता? पिक्चर कवा लावताव?"

अण्णा माईकवर म्हणाले, भावना समजू शकतो, पण ही वेळ नव्हे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

उभे राहिले सगळे. तिच्याकडे वळलेले तसेच, पडद्याकडे पाठ करून.
पारूबाई खाली बसली. वेणी काढली नाही.

अण्णा, मी तुमच्या त्या माईकवर दोन शब्द बोलणार होतो. बोललो नाही, कारण जे दोन शब्द सुचत होते ते बायकांसमोर बोलायचे नव्हते.
इथे लिहितोय ते बरंच धुऊन लिहितोय.

काल क्रिकेटसाठी भाड्याने देतात तो प्रोजेक्टर घेऊन पारूबाईच्या गावात गेलो. देवळाची नवीन चुना मारलेली भिंत होती.
पोरं टँकरला शिट्ट्या मारत होती. पारूबाई सगळ्यांना गप्प करत होती. एकदा शेजारणीला म्हणाली, "चूप गो, मी बोलतंय."

संपल्यावर नावं आली. सगळ्यांच्या आधी एकटं तिचं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.
म्हणाली, परत वाच.
मागे घेतलं. परत वाचलं.
मग तिने उठून भिंतीपर्यंत जाऊन त्या अक्षरांवर हात ठेवला. नाव तिच्या हातावर आलं.

डेनिस, हॉल नाही मिळाला, पण पारूबाईला दिलेला शब्द पुरा झाला. भिंतीएवढी दिसली.
नीघ आता.