मामांचे तीन डाव

आमचे मामा शिलाई मशिनं दुरुस्त करतात. आयुष्यभर ज्यांची सेवा केली त्यांच्यातलंच एक, कारखान्यातलं जड मशीन, टेबलावरून सटकलं आणि त्यांच्या पायावर येऊन बसलं. मामांच्या पायाला प्लास्टर लागलं, दुकानाला कुलूप लागलं आणि मामीच्या डोक्याला ताप लागला. कारण मामांना नुसतं बसवत नाही. पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरातला पंखा, मिक्सर आणि मामीचं व्यवस्थित चालणारं घड्याळ उघडून ठेवलं. पंखा आणि मिक्सर पूर्ववत झाले. घड्याळ अजून विचार करतंय.

मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात सकाळपाळी करतो, त्यामुळे दुपारी मोकळा. मामी मला म्हणाली, "तुझा तो लॅपटॉप दे रे ह्यांच्यापुढे. काहीही लाव. नाहीतर उद्या मलाच उघडून बसतील."

मी एक गेम लावून दिला. त्यात एक राज्य असतं, राज्यावर संकट असतं, आणि ते निवारायला आख्ख्या जगात तुमच्याइतकं रिकामं कुणी नसतं. सुरुवातीला आपला माणूस आपणच घडवायचा. तोंड, केस, धंदा, सगळं. मग वाटेत माणसं भेटतात, काहीबाही विचारतात, समोर दिलेल्या उत्तरांतलं एक आपण निवडायचं. जसं उत्तर, तशी पुढची गोष्ट. संपली की नवा माणूस घडवून पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे चुकलं तर परत?" मामांनी विचारलं.

"परत."

"सोय बरी आहे," मामा म्हणाले आणि प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून सरसावून बसले.

पहिला गडी त्यांनी हुबेहूब स्वतःसारखा केला. टक्कल, जाड मिशी, खांद्यात किंचित बाक. "मेकॅनिक नाही का यात?" नव्हता. मग नाइलाजाने योद्धा झाले. अडचण भाषेची होती. मामांचं इंग्रजी मशीनच्या पार्टांपुरतं. 'टेन्शन' हा शब्द ते फक्त धाग्यासाठी वापरतात. त्यामुळे गेममधलं प्रत्येक बोलणं मी मराठीत वाचून दाखवायचो, राजा आला की भारदस्त आवाजात, चेटकीण आली की मामीच्या आवाजात. माझं इंग्रजीही काही आभाळातून पडलेलं नाही. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर इंग्रजी मराठीतूनच शिकवायचे आणि एका शब्दाला एकच अर्थ देऊन मोकळे व्हायचे. 'स्टे म्हणजे थांबणे,' असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत लिहिलं, विषय संपला.

पहिल्याच गावात मामांना एक तिरंदाज भेटला. किडकिडीत, सतत बडबड करणारा. मामांनी त्याचं नाव ठेवलं काडीपैलवान. तो सगळीकडे बरोबर यायचा, मामांच्या चुका काढायचा आणि मामा मरायला टेकले की दोन बाण मारून वाचवायचा. मामांचा त्याच्यावर जीव जडला. "बोलतो फार, पण हात चांगला आहे त्याचा," असं ते मामीला सांगायचे, आणि मामी म्हणायची, "जेवायला बोलवा."

असं करत करत एका किल्ल्याच्या दारापाशी आलो. इथून पुढे भुयार. दाराशेजारी एक कुलूपबंद पेटी होती आणि कुलूप दिसलं की मामांना बाकीचं जग दिसत नाही. तेवढ्यात काडीपैलवान पुढे आला आणि त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी सरांना स्मरून वाचलं, "मी थांबू का?"

मामांचे डोळे पेटीवर. "त्याला म्हणावं, नको, तू हो पुढे."

तसं एक उत्तर होतंच. मी दाबलं. काडीपैलवानाने मान हलवली आणि तो गेला. मामांनी पेटी उघडली. आत दोन मेणबत्त्या आणि एक जुना बूट.

तो परत आलाच नाही. भुयारात नाही, जंगलात नाही. शेवटच्या लढाईत दिसला, तर समोरच्या बाजूला, नव्या गणवेशात. मामा माउस सोडून मागे टेकले.

"बघ. विचारलंसुद्धा नाही, निघून गेला आणि तिकडे जाऊन मिळाला. सगळे सारखेच."

"विचारलं होतं की, मामा. किल्ल्याच्या दारात. तुम्हीच म्हणालात हो पुढे."

"ते होय? ते मला वाटलं, पेटी उघडेपर्यंत दारात थांबू का म्हणतोय."

"अहो, तो कायमचं विचारत होता. तुमच्याबरोबर राहू का, म्हणून."

मामांनी लॅपटॉप लांब सारला. आता वाटतं, त्याच वेळी मी 'राहू का' असं धड वाचलं असतं, तर मामांनी हो म्हटलं असतं, लढाई जिंकली असती आणि पुढचं काहीच झालं नसतं.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मामांना एक धाकटा भाऊ आहे. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. दोघं एकाच दुकानात काम करायचे. पुढे धाकट्याला दुसऱ्या शहरातल्या भरतकामाच्या मशिनांच्या कंपनीत नोकरी लागली आणि एका पहाटे अंथरूण घडी घालून तो निघून गेला. "विचारलंसुद्धा नाही," हे मामांचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. धाकटा फोनवर माझ्या आईला म्हणाला होता, "ताई, मी दादाला विचारून आलोय." मामा म्हणाले, खोटं बोलतोय. आता मामा खोटं बोलत नाहीत हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवण्यासारखं आहे. त्यामुळे खोटा कोण, ते आपोआप ठरलं. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. माझ्या बहिणीच्या लग्नातसुद्धा मामाची जागा एकाच मामाने भरून काढली.

त्या दुपारी मामांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, प्लास्टरवरचं पांढरं खरवडत.

"मी मशीन आडवं करून बसलो होतो. स्प्रिंग उडून खाली पडलेली, ती शोधत होतो. दुकान बंद करायची वेळ. तो दारात उभा होता. दादा, मी थांबू का, म्हणाला." खरवडणं चालूच. "मला वाटलं, शटर ओढायला थांबू का म्हणतोय. म्हटलं, नको, तू हो पुढे."

"स्प्रिंग सापडली?" मी विचारलं.

"कपाटाखाली होती."

मला वाटलं, आता ते फोन उचलतील. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हणाले, "नवीन माणूस कर."

दुसऱ्या डावाला त्यांनी चेटकीण केली. लांब केस, हातात काठी. मामी चहा घेऊन आली. "ही कोण बाई?"

"मी आहे," मामा म्हणाले.

"बरं. मग नीट काहीतरी नेसवा स्वतःला. थंडी वाजेल."

ह्या डावात मामांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. म्हातारीची शेळी शोधायला नाही म्हणाले, राजाला उलटं बोलले, दोन गावांची भांडणं तशीच सोडून दिली. त्यांना फक्त किल्ल्याच्या दारापर्यंत पोचायचं होतं. दार आलं. काडीपैलवानाने विचारलं. मी वाचायच्या आत मामा म्हणाले, "थांब. थांब म्हणावं त्याला."

तो थांबला. भुयारातून आला, जंगलातून आला, सगळ्या लढायांत मागे उभा राहिला. फक्त बडबड कमी झाली. मामांच्या चुका काढायचं त्याने बंद केलं. शेवटी राज्य वाचलं आणि त्याला किल्ल्याचा राखणदार नेमलं. दाराशी स्टुलावर बसून तो म्हणाला, "बसायला जागा आहे, हे काय कमी आहे."

"हा पहिल्यासारखा बोलत का नाही?"

"तेवढंच लिहिलंय गेममध्ये."

"नाही. कंटाळलाय तो." मामांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. "स्टुलावर बसलाय बघ कसा. आपल्या दुकानातलं स्टूल असंच आहे." मग म्हणाले, "म्हणजे गेला ते बरंच झालं म्हणायचं. नाही का?"

त्यांना माझ्याकडून हो हवं होतं. हो मिळालं असतं तर फोन करायची गरज उरली नसती. मी म्हटलं, "पण गेला तेव्हा शत्रूच्या फौजेत गेला होता."

"तू ना, तुझ्या आईवर गेलायस," मामा म्हणाले. "नवीन माणूस कर."

तिसरा डाव बुटक्या चोराचा. ह्या वेळी दारात काडीपैलवानाने विचारल्यावर मामांनी तिसरं उत्तर निवडलं, गप्प राहायचं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग तो "ठीक आहे," म्हणाला आणि वळला.

"काही बोललो नाही तरी गेला."

"मग काय जन्मभर उभा राहील?"

हे मामी बोलली. ती दारातच उभी होती, ओले हात पदराला पुसत. मामांनी तिलाही सगळं सांगितलेलं असणार, कारण ती पुढे म्हणाली, "त्या काडीपैलवानाला तीन डाव दिलेत. सख्ख्या भावाला एक फोन करा. त्या प्रश्नाला चौथं उत्तर काय ते तरी कळेल." आणि बाजारात निघून गेली. मामी जिंकली की थांबत नाही.

मामांनी फोन लावला. ते नेहमी स्पीकरवर बोलतात, हात तेलकट असायची सवय. पलीकडे एका वेळी कितीतरी मशिनं चालल्याचा आवाज.

"दादा? सगळं बरं आहे ना? ताई?"

"सगळे बरे. पाय मोडलाय माझा, पण ते काही विशेष नाही."

"हो, कळलं होतं."

कुणाकडून कळलं ते मामांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, भरतकामाच्या मशिनचा हुक सरकला तर तुम्ही टायमिंग कसं बसवता. धाकट्याने सांगितलं. मामा हं हं करत राहिले. दोघांचे आवाज इतके सारखे की डोळे मिटले असते तर एकच माणूस स्वतःशी बोलतोय असं वाटलं असतं. मग मामा एकदम म्हणाले, "तू विचारलं होतंस. त्या संध्याकाळी."

पलीकडे दार लोटल्यासारखं झालं. मशिनं लांब गेली.

"हो."

"मला वाटलं, शटरला थांबू का म्हणतोयस."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुला तसं वाटलं ते. तेव्हाच कळलं होतं, दादा. तू मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतंस."

"मग परत विचारायचं ना रे."

"परत विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास. आणि मी थांबलो असतो."

मामांनी फोनकडे पाहिलं, उघडून ठेवलेल्या मशीनकडे बघतात तसं. "हं," म्हणाले. "जेवलास का?"

"जेवतो आता."

"जेव."

मामी परत आली तेव्हा मामा पाय सरळ करून छताकडे बघत होते. "काय म्हणाला?"

"त्याने विचारलं होतं," मामा म्हणाले. "मीच हो पुढे म्हणालो."

"आणि?"

"आणि काही नाही."

मी मामांकडे पाहिलं. मामांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागलो.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा ते कुठे गेले असतील तर आमच्या घरी, आईकडे. मी सोडायला गेलो होतो. मामा चप्पल न काढता बाहेरच्या खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. स्प्रिंग, शटर, हो पुढे. फोनवर धाकटा बोलला ते बाकीचं अर्धं त्यांनी तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही. आई उभ्यानेच ऐकत होती.

"कधी आठवलं तुला हे?"

"पाय मोडल्यावर."

"म्हणजे पाय मोडला नसता तर मी मरेपर्यंत त्याला खोटारडा म्हणत राहिले असते." आईचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "पोरीचं लग्न झालं माझ्या. सख्खा मामा असून त्याला बोलावलं नाही. तू समोर बसून जेवत होतास."

मामा खाली बघत राहिले. एक वाक्य बोलले असते तर निम्मा भार उतरला असता. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्या बऱ्या झालेल्या पायाने माझ्या पायावर पाय दिला, आणि चांगलाच दिला.

आई आत गेली आणि फोन घेऊन बाहेर आली. खूप वेळ खालीवर करत राहिली. नंबर तिने कधीच काढून टाकला होता.

"नंबर सांग त्याचा."

मामांनी खिशात हात घातला नाही. खाली बघतच, सगळा नंबर पाठ असलेल्या पाढ्यासारखा म्हणून दाखवला. आईचं बोट मध्येच थांबलं. तिने मामांकडे पाहिलं, मग उरलेले आकडे पुन्हा सांगायला लावले आणि आमच्याकडे पाठ करून फोन कानाला लावला.

पलीकडे बराच वेळ नुसती रिंग जात होती.