परिचयातली गाळलेली ओळ

माझा परिचय मी स्वतःच किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. आमच्या धंद्यात ती चालच आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि शाश्वत विकास या विषयांवर बोलणारी माणसं जिथे जमतात तिथे आधी एक पुस्तिका छापतात, आणि तिच्यात प्रत्येक तज्ज्ञाची दहा-बारा ओळींची ओळख असते. कुठे शिकला, कोणाला सल्ला दिला, कोणत्या समितीवर बसला. ती लिहायची आपणच, पण अशी की दुसऱ्याच कोणी कौतुकानं लिहिली आहे असं वाटावं. 'त्या सध्या जिनिव्हा येथे कार्यरत आहेत.' मी माझ्या स्वयंपाकघरात एकटीच्या भाताचा कुकर लावून स्वतःला 'त्या' म्हणत बसायची. हसू नका. त्या घरात मला 'अगं' म्हणणारं कोणी नव्हतं.

खरी ओळख सांगायची तर मी बडनेऱ्याची. वडील रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टरमध्ये. अमरावतीला बी.कॉम. झाले आणि अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागले. सकाळची पॅसेंजर पकडायची, मूर्तिजापूरला ती रेंगाळायची तितका वेळ डब्यातल्या बायकांची भांडणं ऐकायची, आणि अकोल्याला उतरून तरातरा चालत जिनिंग गाठायची. काम काय, तर सरकी काढलेल्या कापसाच्या, म्हणजे रुईच्या, नमुन्यांच्या पुड्या बांधायच्या आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या. कोणती रुई, कुठून आली, प्रत कोणती. प्रत सांगायचे चाचा.

चाचा तिथले ग्रेडर. अकोल्याच्याच एका मुसलमान घरातले; वडील आणि आजोबाही हेच काम करायचे. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. बारा महिने अंगात काळा कोट. उन्हाळ्यातसुद्धा. रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, आखूड तंतू झटकून टाकायचे, उरलेले सरळ करून कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवायचे, आणि एक नजर टाकून सांगायचं: पंचवीस. अठ्ठावीस. मिलिमीटर हो. मोजपट्टी लावून पाहिली तर तेवढेच. कोटामुळे रेल्वेत लोक त्यांना टीसी समजायचे. बिनतिकिटवाले दार गाठायचे. चाचा खुशाल त्या रिकाम्या जागेवर बसायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "चिठ्ठी लिवतं, पन काय लिवून राहिली ते मालूम आहे काय तुले?"

मी म्हटलं, "तुमी सांगता तेच लिहिते ना चाचा."

"तोता बी तेच करते. ये इकडं, खिडकीपाशी."

उत्तरेकडची खिडकी. रुई पाहायची ती उत्तरेच्या उजेडात, कारण तिथे ऊन थेट येत नाही आणि रंग फसवत नाही. दोन हंगाम मी त्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांचे नियम कडक. हाताला तेल नाही, मलम नाही, मेंदी नाही, अंगठी नाही. "हात कोरा पाहिजे बेटा. हाताले जे लावशीन ते रुईले लागते, अन् मंग रुई खरं नाई सांगत." माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मी मेंदी लावून घेतली नाही, तर घरात केवढा गहजब! आईला वाटलं पोरीच्या मनात काही भलतंच आहे. मी सांगितलं, चाचा रागावतील. आई म्हणाली, कोण चाचा? तिला समजावता समजावता वऱ्हाड दारात आलं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मी डोळे मिटून रेशाची, म्हणजे तंतूची, लांबी सांगायला लागले. चाचांनी एकदाच "हाव" म्हटलं, म्हणजे हो, बरोबर. दुसऱ्या कोणाला त्यांनी ते म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला तेव्हा जे वाटलं ते पुढे कोणत्याही पदवीनं वाटलं नाही, हे खरंखरं सांगते.

मग शिष्यवृत्ती मिळाली, दिल्ली झाली, परदेश झाला. कापसाच्या व्यापारावर प्रबंध लिहिला. श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना मदत देतात, त्यानं इथला भाव कसा पडतो, हा माझा विषय. जिनिव्हात पंचवीस वर्षं काढली. बाहेरून झकास दिसतं ते सगळं. आतून सांगते: रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. औषधाच्या बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा असतो ना, तो काढून मी माझ्या काळ्या कोटाच्या बाहीवर ओढून पाहायची. त्यात रेशा कुठला, नुसता भुगा. थंडीनं बोटं फुटायची म्हणून हाताला क्रीम लावायची सवय लागली, दिवसातून चारदा.

त्याच वर्षांत वऱ्हाडात पावसापेक्षा पथकं जास्त यायला लागली. रोज कोणाची तरी पाहणी, कोणाचा तरी अहवाल, कोणाची तरी पांढरी गाडी. अमरावतीला एक मोठी परिषद ठरली, कापूस, व्यापार आणि शाश्वत विकास, आणि मला वक्ता म्हणून बोलावणं आलं. बातमी अकोल्याच्या पेपरात छापून आली असावी. एका दुपारी माझा फोन वाजला.

"बेटा, मी बोलून राहिलो. तुह्यासाठी फोन नाई केला, माह्यासाठी केला."

आवाज ऐकून मी खुर्चीत बसले. किती वर्षांनी कोणी मला बेटा म्हणत होतं! चाचांनी सरळ मुद्द्याला हात घातला. जिनिंगमध्ये रुई तपासायचं मशीन आलं होतं आणि त्यांना घरी बसवलं होतं. आता अकोल्यात एक केंद्र निघणार होतं. कास्तकारांच्या पोरापोरींना रुई हातानं पारखायला शिकवायचं, म्हणजे बाजारात कोणी त्यांना प्रत खोटी सांगू नये. शिकवणारा हवा होता.

"मी म्हनलं, मी येतो. तं साहेब म्हनते, सर्टिफिकेट दाखवा. आता माह्या बापानं मले काय सर्टिफिकेट देल्लं व्हतं? मंग म्हनते, तुमच्या हाताखाली शिकलेलं कोनी मोठं आहे काय? असंन तं छापील दाखवा. तं बेटा, तुह्या त्या पुस्तकात सारं येते ना, तू कुठी शिकली, काय केलं? त्याच्यात एक ओळ माही राहू दे."

"एक काय चाचा, पहिलीच ओळ तुमची."

"पहिली कायले? कुठीबी चालते." मग म्हणाले, "चार वर्सं झाले, हातात रुई नाई. बोटं मरून राहिली."

मी खरंच पहिली ओळ तीच लिहिली. अकोल्यात दोन हंगाम रुईची हातपरख शिकल्या, अमुक उस्तादांकडे. पाठवून दिलं. आठ दिवसांनी आयोजकांचं उत्तर आलं: परिचय एकशेवीस शब्दांत बसवा, आजच्या आज.

शब्द कुठूनही काढता आले असते. कोणाला ठाऊक नसलेल्या एका शिष्यवृत्तीचं लांबलचक नाव होतं, तिच्यावाचून कोणाचं काय अडलं असतं? पण मी चाचांची ओळ काढली. घाईत झालं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. कारण वेगळं होतं. आमच्या बैठकांत टेबलाच्या एका बाजूला तज्ज्ञ बसतात आणि दुसऱ्या बाजूला बाधित. सहा महिने खेड्यात राहून आलेला गोरा मनुष्य ते अभिमानानं परिचयात लिहितो, त्यानं त्याचं वजन वाढतं. मी जिनिंगमध्ये चिठ्ठ्या चिकटवत होते हे लिहिलं, तर माझी खुर्ची हळूच उचलून पलीकडे ठेवतील, अशी मला भीती वाटायची. इतकी वर्षं मी त्या खुर्चीला धरून बसले होते. लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

चाचांना कळवायचं धैर्य झालं नाही. वाटलं, तिथे गेल्यावर साहेबांना तोंडानंच सांगू, काम होऊन जाईल.

परिषदेच्या दिवशी मी मंचावर, आणि चाचा तिसऱ्या रांगेत. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आले होते. तोच काळा कोट, कोपरं विरलेली, पण इस्त्री केलेला. हातात पुस्तिका. माझं पान काढून ते वाचायला लागले. माझ्याआधीचा वक्ता बोलत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. मी चाचांच्या बोटाकडे बघत होते. बोट एकेका ओळीखालून सरकत शेवटपर्यंत गेलं. त्यांनी पान उलटलं. मागे दुसऱ्याच कोणाचा फोटो होता. ते माझ्या पानावर परत आले, पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. मग पुस्तिका मिटून कोटाच्या खिशात ठेवली आणि हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसले. माझं भाषण त्यांनी पूर्ण ऐकलं, टाळ्याही वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या केंद्राच्या साहेबांना गाठलं. माणूस सज्जन होता. मी म्हटलं, या उस्तादांनी मला शिकवलंय, पाहिजे तर आत्ता लिहून देते. त्यांनी पुस्तिका उघडली, माझं पान वाचलं, आणि फार नरमाईनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज पत्र द्याल. पण तुमच्या छापील परिचयात तर असं काहीच नाही. उद्या कोणी विचारलं, की यांच्या ओळखीतच नाही ते तुम्ही कसं मानलं, तर मी काय सांगू?"

मी काढलेलं पेन परत पर्समध्ये टाकलं. व्यापाराच्या वाटाघाटींत तासनतास वाद घालणारी मी!

चाचा ताट घेऊन एका खांबापाशी उभे होते. मी जवळ गेले. म्हटलं, चाचा, शब्दांची मर्यादा होती. ते म्हणाले, "पाटवडीचा रस्सा चांगला केला यायनं. तू जेवली काय?" आणि दीडच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. मी ऑटोपर्यंतही गेले नाही, कारण कोणी तरी मला फोटोसाठी बोलावलं. त्या केंद्रावर मशीन चालवायला शिकलेल्या एका तरुणाला घेतलं. दोन वर्षं केंद्र चाललं म्हणे. चाचांना एक दिवस पाहुणा म्हणूनही कोणी बोलावलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी अमरावतीला फ्लॅट घेतला. म्हटलं, आपली माणसं, आपली भाषा. पण शेजारीपाजारी मला जिनिव्हावाल्या मॅडम म्हणतात आणि माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात. आई-वडील गेले, क्वार्टरमध्ये दुसरेच लोक. दोन वर्षं मी रोज ठरवत होते, अकोल्याला जायचं, माफी मागायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मी तर पिकलं तिथलं नावच पुसून टाकलं होतं. शेवटी एका सकाळी पॅसेंजर धरली.

सुनेनं दार उघडलं. चाचा खाटेवर बसलेले, कोट खुंटीला. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उशाची पिशवी ओढली, रुईचा पुंजका काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "ओढ."

मी ओढला. तंतू बोटांना चिकटले. चाचांनी माझा हात धरून नाकाशी नेला.

"हाताले काय लावतं?"

"क्रीम आहे चाचा. तिकडं थंडी..."

"जाय, धुऊन ये."

मोरीवर जाऊन साबणानं दोनदा धुतले, पदराला कोरडे पुसले. आल्यावर त्यांनी सुनेकडून कोट मागून घेतला आणि बाही माझ्यापुढे धरली. मी चिमटीत धरलं, ओढलं, आखूड झटकले, सरळ करून काळ्या बाहीवर ठेवले. सगळं आठवत होतं. फक्त बोटं काही सांगत नव्हती. लिहून पाठ केलेल्या दहा-बारा ओळी मला झोपेतही म्हणता आल्या असत्या, आणि हे दोन बोटांमधलं गेलं होतं.

"किती?"

"अठ्ठावीस."

त्यांनी नुसता अंगठा फिरवला. "चोवीस. पुन्हा ओढ."

पुन्हा ओढला. सत्तावीस म्हटलं. तिसऱ्यांदाही चुकले, तेव्हा त्यांनी तो पुंजका माझ्याकडून काढून घेतला, नीट गोळा करून पिशवीत टाकला आणि मोठ्यांदा हसले. खरं हसले, राग नव्हता त्यात.

"बरं झालं बेटा," म्हणाले, "तू माहं नाव नाई छापलं."