पुणतांब्याची बडीशेप

पारनेरच्या एसटी स्टँडवर दादा माझ्या बॅगा मुंबईच्या गाडीत चढवत होता, तेव्हा आईनं जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. आत बडीशेप होती. "ह्ये बियाचं हाय. खाऊ नगं," ती म्हणाली. "थंडी सरली की लाव. मान्साच्या दारात आपलं कायतरी असावं." दर वेळी निघताना मी रडते आणि ती चिडते. या वेळी चिडली नाही, नुसती बघत राहिली. मला वाटलं, वय झालं की माणूस मऊ होतं.

ही बडीशेप आईच्या माहेरची, पुणतांब्याची. गोदावरीकाठच्या काळ्या मातीतली पोर आमच्या मुरमाड गावात नांदायला आली ती हे बी घेऊन. आमच्याकडे पाणी कुठलं! न्हाणीच्या मागे चर काढून अंघोळीच्या पाण्यावर तिनं परसबाग जगवली. पाहुण्यालासुद्धा अंगणात हातपाय धुऊ द्यायची नाही, न्हाणीत पिटाळायची. बडीशेपेची पहिली दाण्यांनी भरलेली छत्री, म्हणजे तुरा, लाल चिंधी बांधून बियाला राखलेली असायची. तिला वडीलही हात लावत नसत. उरलेली बडीशेप मिठाचं पाणी लावून तव्यावर भाजायची आणि खायच्या डब्यात भरायची. त्या वाफ्याजवळ शेपू लावायला मात्र सक्त मनाई. दोन्हीची पानं सारखीच, मी लहानपणी हमखास चुकायची. "भवाने, ह्यो शेपू हाय! नाक हाय का भोक?" अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

मी आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. भाड्याच्या घरामागे चटईएवढं बॅकयार्ड आहे. मे महिन्यात ऊन पडायला लागल्यावर तिथं वाफा केला आणि बी टाकलं. इकडे पावसाला तोटा नाही, तरी मी अंघोळीची बादली नेऊन ओतायची, पाऊस पडत असतानासुद्धा. शेजारीण खिडकीतून बघायची, बघू दे. शिफ्ट संपली की आधी वाफा, मग बूट काढायचे. आठवडे गेले. गवत तेवढं आलं.

शेवटी पुरचुंडीत उरलेले चार दाणे तोंडात टाकले. कुरकुरीत लागले. मग जिभेला मीठ लागलं. मी तिथंच चिखलात बसले.

दादाला फोन लावला. बियाची छत्री राखलीय ना, विचारलं. "कसली छत्री? आईनं समदीच भाजली की औंदा. डबा गच्च भरलाय, तुझ्या वैनीला इचार," असं म्हणून तो हसला. मी म्हटलं, तिला डॉक्टरकडे ने. तर म्हणाला, "वय झालं, इसरत्यात मान्सं. तू तिकडून डॉक्टरकी नगं करू."

माझं पोट ज्याच्यावर चालतं, तेच हे. आमच्या होममधल्या बायका उशीखाली बिस्किटं लपवतात, मुलीला बहीण समजतात. त्यांच्या मुली कॉरिडॉरमध्ये माझा हात धरून विचारतात, अजून किती दिवस ओळखेल ही? मी त्यांची समजूत काढते. माझी कोण काढणार? डिसेंबरपर्यंत रजा नाही. परक्यांच्या आयांना मी घास भरवते आणि माझी आई तिकडे एकेक गोष्ट विसरत चालली आहे. रोस्टरचा राग येतो, व्हिसाचा येतो, दादाचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा. काय करू, सुचत नाही.

रोज व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "उगावली का गं?" मी उगवली म्हणत गेले. मग एक दिवस म्हणाली, "दाव की."

सुपरमार्केटातून मी शेपूची कुंडी आणली. रोप वाफ्यात लावलं आणि फोन पानांजवळ धरला. खरं सांगते, ती फसू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. मला शिवी हवी होती. भवाने म्हण, आई. नाक हाय का भोक, म्हण.

आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिचा चेहरा उजळला. "लई झ्याक आलीय गं बडीशेप," ती म्हणाली. "बी राखून ठेव. मला आन. आपल्याकडलं कुठं गेलं काय की, घावंना."

इथं कुणी घर कुठं विचारलं, तर मी अजून पारनेर सांगते. माझ्यासारखे जे निघून आलात, तुमचं घर असेल जागेवर. माझं त्या एका शिवीत होतं. रोज फोन लावते, शेपू दाखवते आणि वाट बघते.