दूध किती, पाणी किती?

शाळेतल्या इतर गुरुजींच्या खिशाला नुसतं पेन असायचं. आमच्या नारायण गुरुजींच्या खिशात पेनाशेजारी काचेची एक लांब नळी असायची. लॅक्टोमीटर. दुधात सोडायची आणि पाणी ओळखायचं. एखादं पोरगं उशिरा येऊन म्हणालं, "गुरुजी, म्हैस सुटली होती," की गुरुजी ती नळी त्याच्या नाकासमोर धरायचे. "बोल, दूध किती, पाणी किती?" पोरगं हसायचं आणि खरं सांगून मोकळं व्हायचं. मी हे रोज पाहायची, कारण त्या शाळेत दूध तापवायचं काम माझ्याकडं. लिहायवाचायला शिकले तीही त्यांच्याच वर्गाच्या भिंतीआडून, हंडा ढवळता ढवळता.

आता लिंबागणेशला गणपतीच्या आरतीचं तबक धरणारा हा माणूस बीडला मिशनच्या शाळेत आला कसा? त्यात गुन्हा माझाच आहे, म्हणून मीच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही पालीकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. मिशनच्या सिस्टर अगाथा पोरांसाठी जीपमधून दुधाची पावडर आणायच्या. बाई केरळची. मराठी बोलायची, पण म्हैस "तो" आणि रेडा "ती". दूध कालवायला त्यांनी मला ठेवलं. हंडा एक आणि पोरांच्या रांगेचं शेपूट दिसायचं नाही. मग रांग लांबली की मी गुपचूप एक घागर पाणी ओतायची.

नारायण गुरुजी तेव्हा गुरुजी नव्हतेच. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासून घ्यायचे. चारा संपला, जनावरं गेली, सोसायटीला कुलूप लागलं आणि हेही आमच्यात खडी फोडायला आले. नळी मात्र खिशात होतीच. एक दिवस हातोडा टाकून सरळ पुढं आले आणि हंड्यात नळी सोडली. ती गेली की खाली!

"बाई, हे दूध न्हाई. दुधाची याद आलेलं पाणी हाय हे!"

सगळे खो-खो हसले. माझा जीव एवढासा झाला, पण तोंड काही गप्प बसेना. "दादा, मग शेवटच्या पोराला काय ही नळी चाटायला देऊ?"

त्यांनी मान वळवून रांगेकडं बघितलं. मग पोरांना दहा-दहाच्या ओळीत बसवलं, ओळीमागं किती पावडर आणि किती पाणी ते ठरवून दिलं. तोवर पोरं उठू नयेत म्हणून त्यांना बे एके बे म्हणायला लावलं. आठ दिवसांत खडीच्या ढिगाऱ्यांतून पाढे ऐकू यायला लागले. सिस्टर जीपमध्ये बसून ऐकत होत्या.

"तुम्ही माझा शाळेत ये. गणिताचा मास्टर नाही आहे."

"सिस्टर, मी नुसता मॅट्रिक. आन् कपाळाचं गंध मी पुसणार न्हाई."

"गंध कशाला पुसतो? तू फळा पूस!"

झालं. पण गावात बोभाटा उठला, नारायण बाटला. त्यांच्या आईनं तर बोलणंच सोडलं. गुरुजी दर शनिवारी एसटीनं घरी जायचे. ती ओट्यावर भाकरी ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. सोमवारी गुरुजी माझ्या चुलीपाशी येऊन सांगायचे, "शेवंताबाई, पोरं पावकीचा पाढा शिकली. आई काय बोलली न्हाई. दिवाळीपर्यंत बघतो. न्हाईच बोलली तर ही शाळा सोडतो." मला वाटायचं, माझ्या एका घागरीनं काय करून ठेवलं हे!

दिवाळीच्या आधी म्हातारी स्वतःच आली. हातात गाठोडं, चेहरा तापलेला.

"कुठाय त्यो? न्यायला आलेय त्याला."

मी वर्गाकडं बोट केलं. आत भिंतीवर क्रूस, त्याच्याखाली गंध लावलेले गुरुजी, आणि पन्नास पोरं एका सुरात पावकी म्हणत होती. म्हातारी खिडकीशी थबकली. "ही चाल ह्याच्या बापाची हाय, असाच पाढे म्हनून घ्यायचा त्यो ह्याच्याकडनं," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मी पेलाभर दूध पुढं केलं.

"तू बाटलीस का गं?"

"मावशी, सिस्टर हंड्यासमोरून हलू देत न्हाईत. बाटायला सवड कुठाय?"

तिला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. तेवढ्यात घंटा झाली, सिस्टरही बाहेर आल्या. गुरुजी बाहेर आले, आईला बघून गोंधळले. हाताला चाळा हवा म्हणून की काय, त्यांनी तिच्याच पेल्यात नळी सोडली.

"काय म्हनती तुजी नळी?"

"थोडं पाणी हाय, आई."

माझ्यासमोर, सिस्टरांसमोर खरं सांगितलं की! म्हातारीनं नळी बाहेर काढून त्यांच्या हातात दिली आणि घटाघट दूध प्यायली. "बापासारखाच खरं बोलणारा हाइस अजून. शनवारी ये. ताटात वाढीन."

गुरुजी त्याच शाळेतून म्हातारे होऊन निवृत्त झाले. परवा गेले. शाळेत शोकसभा झाली. एक साहेब म्हणाले, "गुरुजी उभ्या आयुष्यात कुणाला टाकून बोलले नाहीत." मी मागं बायकांत बसले होते. राहवलंच नाही. मोठ्यानं विचारलं, "साहेब, दूध किती, पाणी किती?"

अख्खी सभा हसली. गुरुजींची म्हातारी झालेली पोरं तर डोळे पुसत हसली.