दुसऱ्या बोर्डावरचा जंपर
ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. काल घाटकोपरला मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर सोल्डरिंगचा वास आला आणि अंधेरीचा आमचा गाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. भिंतीएवढ्या टच पॅनलमागे, बोट कुठे टेकलं ते शोधणारे चार ड्रायव्हर बोर्ड होते. पहिल्याने इशारा द्यायचा आणि बाकी तिघांनी त्याच क्षणी स्कॅन सुरू करायचं. त्या दिवशी पॅनल बघायला आलेल्या ग्राहकाने मधोमध बोट टेकवलं, तर पडद्यावर एकाऐवजी दोन ठिपके थरथरू लागले. "सोल्डरिंग कोणाचं?" मालक ओरडले. "माझं, सर. पण प्रत्येक जोड दोनदा तपासलाय," आमची सहकारी म्हणाली. "मग काय भूत शिरलं यात?" मी पॅनलमागे वाकलो. दुसऱ्या बोर्डावर सकाळी मीच चुकून जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी बारीक टोपी, बसवला होता; त्यामुळे पहिल्यासारखाच हा बोर्डही स्वतःचा वेगळा इशारा देत होता. मी तो जंपर गुपचूप काढून खिशात टाकला. ठिपका एकच झाला. "जोड सैल होता ना, काका?" मालकांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी तिला तिथल्या तिथे उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. डबा पिशवीत भरताना तिने मला हळूच विचारलं, "काका, कुठला जोड होता हो? मला सापडलाच नाही." तुझा एकही जोड सैल नव्हता, मला माफ कर, एवढंच आजही तिला सांगायचं आहे; तेव्हा मात्र मी म्हणालो, "सांभाळून जा."